विहिरीवरचा लाल दिवा

काजूच्या बागांत लपलेल्या एका इवल्याशा गावात सुरंगी आणि तिची आई सगुणा राहायच्या. आई दिवसभर काजू सोलायची. टरफलातल्या चिकानं तिची बोटं भाजायची. भाजता भाजता अंगठ्यावरच्या नाजूक रेषाच पुसून गेल्या.

गावच्या विहिरीवर पूर्वी फार भांडणं व्हायची. दांडगे पुढे घुसायचे, म्हातारे रिकामी कळशी घेऊन परतायचे. म्हणून सगळ्यांनी मिळून तिथे एक चकचकीत यंत्र बसवलं. अंगठा टेकवला की निळा दिवा लुकलुकायचा आणि प्रत्येक घराला सारखंच पाणी मिळायचं. भांडणं थांबली.

पण हल्ली आईनं अंगठा टेकवला की लाल दिवा लागायचा आणि यंत्र म्हणायचं,

"ओळख पटली नाही. बाजूला व्हा."

"हो गो बाजूला!" शेजारची जनाकाकी मागून करवादायची. "यंत्रालाच कळत नाही, तिथे आम्ही काय करणार?"

आई रिकामी कळशी घेऊन परतायची. ती फार दमली होती.

एका दुपारी घरातलं शेवटचं घोटभर पाणी तांब्यात घेऊन सुरंगी बागेत वाळकी पानं गोळा करायला गेली. झाडाखाली एक चिमुकली परी पडली होती. काजूच्या मोहरासारखे तिचे गुलाबी पंख पार कोमेजले होते. सुरंगीनं तांब्याकडे पाहिलं आणि सगळं पाणी त्या पंखांवर शिंपडलं.

पंखांवर सोनेरी ठिपके चमचमले. परी उठून बसली.

"एक इच्छा माग," ती म्हणाली. तिचाही आवाज थकलेला होता. "पण मागशील ते साऱ्या गावाला लागू होईल. स्वतःपुरतं मागणाऱ्यांचं ऐकून मी दमलेय गं."

"मग यंत्रच नको. ज्याला हवं तेवढं पाणी घेऊ दे."

"विहीर तेवढीच आहे, सोनुले. पुढे कोण घुसेल?"

सुरंगी खाली बसली. बराच वेळ ती मातीत काडीनं रेघा ओढत राहिली.

"मग यंत्राला एवढंच शिकव. ओळख पटली नाही, तर बाजूला व्हा म्हणायचं नाही. रांगेतल्या माणसांना विचारायचं."

"आणि कुणी बोललंच नाही तर? माणसांना बोलायला लावणं माझ्या हातात नाही."

"चालेल," सुरंगी हळूच म्हणाली.

संध्याकाळी आईनं अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. यंत्र अडखळत म्हणालं, "मला या बाई ओळखता येत नाहीत. तुमच्यापैकी कुणी ओळखतं का?"

रांगेत जो तो आपल्या कळशीत बघत होता. सुरंगीनं आईचा पदर घट्ट धरला.

"मी ओळखते," जनाकाकी एकदम म्हणाली. "ही सगुणा. आमचं कुंपणावरून भांडण आहे. पण तहान तिलाही लागते. सोड मेल्या पाणी!"

निळा दिवा लागला. कळशीत धार पडू लागली. तेवढ्यात बागेवर गुलाबी-सोनेरी उजेड पसरला, पानापानावर क्षणभर चमकला आणि आभाळात विरून गेला.

"काकी, मग आधी का नाही बोललीस?" सुरंगीनं विचारलं.

जनाकाकीनं भरलेली कळशी उचलून आईच्या डोक्यावर ठेवली.

"विचारलं होतं कुणी?"