टिचकी न मारलेली साळुंकी

बसा, पाणी घ्या, आणि मला एक सांगा: भरवसा कोणावर ठेवावा? ‘मी चुकत नाही’ म्हणणाऱ्यावर, की ‘माझी चूक दाखव’ म्हणणाऱ्यावर? माझा जन्म बाजारात गेला. पहिल्या प्रकारच्या माणसाकडून मी दोनदा फुटके रांजण घेतले आहेत.

एका राज्यात चंद्रकेतू राजा होता. त्याच्या वेशीवर पितळेची साळुंकी बसे. भृंगनाथ मांत्रिकाने तिला पहाऱ्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदींची बाडे खाऊ घातली होती. ती ‘आत’ म्हणाली की दार उघडे. ‘परत’ म्हणाली की माणूस जागीच दगड होई. सात दिवसांत शाप न उतरला तर दगड कायमचा.

एका बाजारच्या दिवशी नदीच्या पैलतीरचा कुंभार येसू डोक्यावर मडकी घेऊन आला. साळुंकी म्हणाली, “परत.” येसू दगड झाला, मडक्यांसकट.

त्याची बहीण सगुणा दरबारात गेली.

राजा म्हणाला, “बाई, पक्षी चुकत नाही.”

“महाराज, दिडकीचं मडकंसुद्धा लोक टिचकी मारून घेतात. या पक्ष्याला टिचकी कोणी मारली?”

राजाने मांत्रिकाकडे पाहिले. मांत्रिकाने दाढी कुरवाळली.

“शाप तीन कामांनी उतरेल,” तो म्हणाला. “साळुंकीने काय खाल्ले ते शोध. तिच्याकडून कारण वदव. तिच्या शब्दाला जबाबदार माणूस आण.”

सगुणाने तळघरात पाच दिवस बाडे चाळली. महामारीच्या सालच्या पानावर हुकूम होता: पैलतीरचे सर्व परत. साथ सरली, पण हुकूम कोणी खोडला नव्हता.

सहाव्या दिवशी तिने साळुंकीच्या छातीवर टिचकी मारली. “कारण बोल.”

“पैलतीरचा. म्हणून परत.”

“अगं, साथ जाऊन बारा वर्षं झाली!” म्हातारा पहारेकरी ओरडला.

“मला कोणी सांगितले नाही,” साळुंकी म्हणाली.

सातवा दिवस मावळू लागला. जबाबदार कोण? प्रधानाने कोतवालाकडे बोट दाखवले, कोतवालाने मांत्रिकाकडे, मांत्रिकाने पक्ष्याकडे.

“वा!” सगुणा म्हणाली. “बोटं पुष्कळ, हात एकही नाही.”

तेव्हा राजा पायी वेशीवर आला. दगडाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तिला मी बसवले. चूक माझी. येसू, आत ये.”

दगड तडकला. कायमचे समजलेले जुनेसुद्धा, वेशीवरचे सारेच दगड तडकले. येसूने डोळे चोळले. “सगुणे, मडकी शाबूत आहेत ना गं?”

साळुंकीला कोणी वितळवले नाही. ती कामाची होती. पण दर बाजारच्या दिवशी पैलतीरचा एक माणूस तिला टिचकी मारी, ‘परत’चे कारण चावडीवर मोठ्याने वाचले जाई, आणि राजाचा माणूस त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणालाही परत धाडत नसे. शिळे हुकूम दर पाडव्याला खोडले जात. तेव्हापासून त्या वेशीत कोणी दगड झाला नाही.

तुमच्याही दारी असा बोलका पक्षी येईल. येऊ द्या, दाणे घाला. एवढीच विनंती, की तो काय खातो, कोणाला का अडवतो, याचा हिशेब खरा ठेवा. आणि चूक झालेले पान फाडू नका, ती चूक आपली म्हणून त्यावर सही करा.