जुवावरचं नाव

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सुतार राहत होता. बोधकथेतल्या माणसांना सहसा नावं नसतात, पण ह्या सुताराचं सांगावंच लागेल, कारण सगळा घोटाळा त्या नावानंच केला. त्याचं नाव शमुवेल.

शमुवेल जुवं करायचा. जू म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवतात ते लाकूड. "आधी बैल आणा, मग जू," असं तो येईल त्याला सांगे. बैल आला की मानेचं माप दोरीनं घेई, दोरीला गाठ मारी आणि त्या मापानं जुवाची खाच तासत बसे. शनिवारी संध्याकाळी हत्यारांवर फडकं टाकी. रविवारी बायकोबरोबर चर्चला जाई आणि घरी आला की चिंचेखाली खुशाल घोरत पडे. सहा दिवस आपण राबावं आणि सातव्या दिवशी जग ज्याचं त्याला सांभाळू द्यावं, एवढाच त्याचा विश्वास होता, आणि तो त्याला पुरत होता.

मग ओढ्यापलीकडे एक नवा सुतार आला. त्याच्याकडे तयार जुवं होती, सगळी एकाच मापाची. शिवाय पगारी हलगीवाला होता. हलगी कडाडली की लोक जमायचे आणि जमलेले लोक काहीतरी घेऊनच जायचे. दोन महिने शमुवेलच्या दारात एकही बैल उभा राहिला नाही. कणग्या तळाला गेल्या. रब्बीच्या पेरणीपर्यंत असंच चाललं तर दुकानाला कडी घालून वीटभट्टीवर जावं लागणार होतं.

गावात एक शहाणा होता. स्वतः काडीचं काम न करता दुसऱ्याला धंदा शिकवणारा असा एक शहाणा प्रत्येक गावात असतोच. तो म्हणाला, "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तुझं नाव कुणाला ठाऊक आहे? जुवावर नाव कोर. गिऱ्हाईक आधी कुठं बघतं?"

शमुवेल म्हणाला की खाचेत बघतं, हात फिरवून बघतं.

"मग खाचेतच कोर."

हे ऐकून सुताराची बायको चुलीपासून उठून बाहेर आली. "अहो, तिथं बैलाची मान असते," ती म्हणाली. "बैलाला वाचता येत नाही."

शमुवेललाही ते कळत होतं. पटाशी धरलेला हात क्षणभर थांबला. पण पोटात भीती बसली होती, आणि भीती बसली की माणूस आपल्याच हाताचं ऐकत नाही. त्यानं नाव कोरलं, चांगलं ठळक. एकेक बैल दारात बोलावून दोरीनं मापायला वेळ नव्हता, म्हणून सगळी जुवं एकाच मापाची केली. मग तो बैलगाडीवर उभा राहून बाजारोबाजारी आपलंच नाव ओरडू लागला. रविवारीसुद्धा. चर्चची घंटा कानावर आली की तो आणखी मोठ्यानं ओरडे.

जुवं भराभर खपली. पण चिंचेखालची झोप गेली ती गेलीच. कुणी त्याचं नाव घेतलं की तो फुले, ओढ्यापलीकडच्याचं घेतलं की त्याचं जेवणावरचं मन उडे. बायकोशीही तो बाजारात बोलल्यासारखा बोलू लागला.

पेरणी सुरू होऊन पंधरा दिवस झाले. शेजारची म्हातारी आपला बैल घेऊन दारात आली. बैल मान खाली घालून उभा होता. खांदा सुजून सोलवटला होता आणि लाल कातड्यावर अक्षरं उठली होती, आरशात दिसावीत तशी उलटी.

"शमुवेला," म्हातारी म्हणाली, "मला अक्षर येत नाही. काय लिवलंय ते तूच वाच."

त्यानं वाचलं नाही. तो बैलाच्या पायाशी बसून रडला. त्याला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारी गेला. माफी मागितली, बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावलं, दोरीनं माप घेतलं, खाच नव्यानं तासली आणि रंधा-पटाशीनं आपलं नाव पार काढून टाकलं.

त्याच सुमारास शहाणा धावत आला. जहागीरदाराचा कारभारी शंभर जुवं घ्यायला तयार होता. अट एवढीच की खाचेत नाव पाहिजे, कारण जहागीरदारांना नावाजलेल्या सुताराचंच सामान लागतं, आणि रविवारच्या जत्रेत शमुवेलनं गाडीवर उभं राहायचं. नाही म्हटलं तर वीटभट्टी आहेच, असं शहाण्यानं वर ऐकवलं.

शमुवेलनं बायकोकडे पाहिलं. तिनं कोपऱ्यातली दोरी उचलून त्याच्या हातात दिली.

"नासरेथला एक सुतार होता, ज्याला मी चर्चमध्ये प्रभू म्हणतो," शमुवेल शहाण्याला म्हणाला. "त्यानं कुठल्या जुवावर नाव कोरलं होतं? मी चांगलं जू करतो, आणि कुणी विचारलं तर तसं सांगेन. पण माझ्या नावासाठी बैलाची मान द्यायची नाही आणि माझा रविवारही द्यायचा नाही. जा, सांग त्यांना."

शंभर जुवं ओढ्यापलीकडे गेली. शमुवेलला दोन महिने वीटभट्टीवर जावं लागलं. गोष्ट आहे म्हणून खोटं कशाला सांगा? विटा वाहून त्याचेच खांदे सोलवटले. पण रविवारी तो भट्टीवर नसे, चर्चमध्ये असे, आणि दुपारी चिंचेखाली घोरत असे. दारावर त्यानं एक साधी पाटी लावली: 'इथे बैलाच्या मापाचं जू मिळतं. रविवारी बंद.' म्हातारीचा बैल बरा होऊन डौलात नांगर ओढू लागला. तो बघून लोक पाटीपर्यंत आले, आणि शमुवेल भट्टीवरून घरी आला.

एका रविवारी दुपारी कारभारी स्वतः बारा बैल घेऊन दारात आला. बाराही बैलांचे खांदे ओढ्यापलीकडच्या जुवांनी सुजून आलेले. आत्ताच्या आत्ता जुवं पाहिजेत, असं तो म्हणाला.

शमुवेल उठला. त्यानं बैल सोडले, चिंचेच्या सावलीत बांधले, पाणी दाखवलं, एकेकाच्या खांद्याला हळद-तेल लावलं. मग तो पुन्हा आडवा झाला. "जुवं उद्या. आज त्यांचाही रविवार आहे."

कारभारी लालबुंद झाला. "साऱ्या जहागिरीतून तुझं नाव पुसून टाकीन."

"मालक," डोळे मिटता मिटता शमुवेल म्हणाला, "ते मी केव्हाच रंध्यानं पुसलंय."

कारभारी सोमवारपर्यंत थांबला. बैल हलायला तयार नव्हते.

तात्पर्य, शहाण्यांनी आधी वाचावं: दारावर खरी पाटी लावायला लाजू नये, पण आपलं नाव दुसऱ्याच्या मानेवर कोरू नये, आणि ज्याचा देवावर भरवसा आहे त्यानं रविवारी झोपायला कुणाच्या बापाला भिऊ नये.