चाकाखालचे धोंडे

दौलतशेठ बोथऱ्यांच्या ट्रकांची तपासणी करायला नव्या निरीक्षक रेवती सोनटक्के आल्या, तेव्हा शेठनी फिटनेसची प्रमाणपत्रं पत्त्यांसारखी टेबलावर पसरली.

"एकेक ब्रेक ठणठणीत, मॅडम! चहा घ्या, सही करा. कांदा आजच घाट उतरायचाय."

रेवतींनी खिडकीतून पाहिलं. उतारावर ओळीनं ट्रक उभे होते, प्रत्येकाच्या चाकाखाली धोंडा. उताराच्या तळाशी शेठची कोरी करकरीत मोटार.

"करते की सही," त्या म्हणाल्या. "तेवढे धोंडे काढायला सांगा."

"अहो, भलतंच काय! खाली माझी गाडी आहे!"

"म्हणजे तुमच्या गाडीसाठी धोंडा, आणि घाटातल्या माणसांसाठी नुसता कागद होय?"

शेठनी पसरलेली प्रमाणपत्रं गोळा केली. कांदा त्या दिवशी जागचा हलला नाही, आणि गॅरेजच्या मिस्त्रीला पहिल्यांदाच मानाचं बोलावणं गेलं.