ठकू जिनगरणीने मारलेला ठसा

खाडीत अजून शिडाची गलबतं यायची आणि करंजखोलला पोचायला पायवाटेखेरीज वाट नव्हती, त्या काळातली ही गोष्ट.

तेव्हा बंदराच्या वरच्या अंगाला ठकू नावाची जिनगरीण राहायची. नवरा घाटावर खोगिरं विकायला गेला, तो परतलाच नाही. मागे राहिली त्याची कातडं कापायची रांपी, दाभण, पितळी ठसे आणि एक पोर, मंजुळी. ठकूने डोळे पुसले आणि दाभण उचललं. खोगीर असो, पखाल असो, व्यापाऱ्याची चोपडी असो, कातडं आणि दोरा म्हटलं की पंचक्रोशी तिच्या दारात. तिची शिवण उसवायला उंदरालाही दुसरा जन्म घ्यावा लागतो, असं म्हणतात.

एका वर्षी गलबतातून एक जर्मन पाद्री उतरला. नाव हान्स की काहीसं. गावाने त्याचा हंसपाद्री केला. माणूस गोड. पोरांना खडीसाखर वाटायचा आणि बायांनाही 'अहो दादा' म्हणून हाक मारायचा. त्याने बंदरावर एक लहानसं प्रार्थनाघर बांधलं आणि आत एक पुस्तक ठेवलं.

आता पुस्तक म्हणायचं, पण ते उचलायला दोन माणसं लागत. पुठ्ठ्याच्या जागी लाकडाच्या फळ्या, वर डुकराचं पांढुरकं कातडं. आतली पानंसुद्धा कातड्याचीच. कडेला दोन पितळी चाप, माणसाच्या मुठीच्या आकाराचे. आणि चारी कडांनी बारीक बारीक चौकटी, प्रत्येक चौकटीत ठशाने उठवलेला एकेक चेहरा. कुणी दाढीवाला, कुणी मुकुटवाली, कुणी लहान पोर. खालच्या कडेच्या काही चौकटी मात्र कोऱ्याच होत्या. ठकूने एकदा विचारलं तेव्हा पाद्री म्हणाला, बांधणाऱ्याचे ठसे संपले असतील. मग त्याने तिला बजावलं, "अहो दादा, पावसात हे उघडं पडू देऊ नका."

पुढे हंसपाद्री तापाने गेला. पुस्तक तसंच राहिलं.

त्या आषाढात पाऊस असा लागला की चुलीतल्या राखेलाही बुरशी आली. एका दुपारी प्रार्थनाघरातून काठी मोडावी तसा आवाज झाला. लोक धावले, तर पुस्तकाची एक मूठ उघडलेली. ते जबड्यासारखं वासलं होतं. त्याच दिवशी भिवा तांडेल पटकीने गेला. कोऱ्या चौकटीत चपट्या नाकाचा एक चेहरा उमटलेला दिसला, आणि भिवाची बायको तो बघून तिथेच खाली बसली, असं म्हणतात.

कुणीतरी धीर करून चाप लावला. तो पुन्हा उघडला. पुन्हा एक माणूस गेलं, पुन्हा एक चौकट भरली. मग लोक प्रार्थनाघरासमोरून जाताना तोंडावर पदर, उपरणं, जे हाती लागेल ते घेऊ लागले. न जाणो, पुस्तकाने चेहरा बघून ठेवला तर!

खाडीत टाकावं, तर पाण्यात फुगून कायमचं उघडेल. जाळावं, तर आतलं सगळं एकदम मोकळं सुटेल. शेवटी चौघांनी ते वाशांवर घालून ठकूच्या पडवीत आणून ठेवलं आणि वाण्याच्या नागशेटला पुढे केलं. शेट उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ठकूबाई, एवढी घोडी आवळलीस. हे एक आवळ."

"घोडा पोटाचा तंग बांधताना छाती फुगवतो, शेट. त्याने श्वास सोडला की ओढायचा असतो. हे श्वास सोडेल तर ना."

"मग सोडेपर्यंत बस. आम्ही काय, आहोतच."

"आहात ना. दिसताय की, पार अंगणात."

शेट कसनुसा हसला आणि छत्री सावरत निघून गेला.

खरं सांगायचं तर ठकूला पुस्तकाचं भय नव्हतं. कातडं पाणी पितं आणि फुगतं, हे तिला ठाऊक होतं. भय होतं ते वेगळं. सकाळपासून मंजुळीला जुलाब लागले होते, पोरीचे डोळे खोल गेले होते. आणि खालच्या कडेला आता एकच चौकट कोरी उरली होती.

तिने खोगीरवाल्यांची जुनी युक्ती केली. कच्च्या कातड्याची वादी भिजवून पुस्तकाभोवती आवळली. अशी वादी वाळली की लाकडालासुद्धा करकचून धरते. पण ठकूची इथेच चूक झाली. ती युक्ती घाटावरची, उन्हातली. करंजखोलच्या आषाढात वादी वाळणार कशी? तिने खाली निखारे ठेवले, फुंकून फुंकून डोळे लाल केले. वादी वाळायच्या ऐवजी सैल होत गेली. पुस्तकातून कुरकुर ऐकू येऊ लागली. पहिली मूठ सुटली.

ठकूने चौकटीकडे पाहिलं. कोऱ्या कातड्यात एक कपाळ वर येत होतं, आणि त्या कपाळावर डाव्या भुवईपाशी बारीकशी खोक होती. मंजुळी लहानपणी पाट्यावर पडली होती, तीच खोक.

आतून पोर हाक मारत होती. ठकू उठली नाही. तिने नवऱ्याच्या ठशांतला एक कोरा पितळी गट्टू घेतला, पाण्याने भरलेलं घंगाळ पुढ्यात ओढलं आणि वाकून स्वतःला पाहिलं. ठसा नेहमी उलटा कोरावा लागतो. पाण्यातला चेहरा उलटाच होता. जसा दिसला तसा तिने तो खोल खोदत नेला. हात कापला, पितळ रक्ताने निसरडं झालं. दुसऱ्या मुठीतून आवाज यायला लागला तशी तिने ठसा निखाऱ्यावर धरला. फार तापला तर कातडं करपतं, गार राहिला तर उमटत नाही. तिने तो ओठाला लावून पाहिला, चौकटीवर टेकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"हिला नको," ती पुस्तकाला म्हणाली. "मी भरते ही जागा."

तेव्हा पुस्तकाने श्वास सोडला. पडवीतले निखारे एकदम विझले, पानं खाली बसली आणि दोन्ही मुठी आपणहून मिटल्या, असं म्हणतात.

संध्याकाळी मंजुळीने पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. त्यानंतर करंजखोलात पटकीने कुणी गेलं नाही. ठकूही गेली नाही. पुढे केस पिकेपर्यंत जगली. पण त्या संध्याकाळी पोरीने डोळे उघडून समोर पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कोण? माझी आई कुठाय?"

ठकूचा चेहरा होता तिथेच होता. पाहणाऱ्याच्या मनात मात्र तो ठरत नसे. नजर वळली की पुसला जाई, पुन्हा पाहावं तर पुन्हा परका. शेजारणी तिला चालीवरून ओळखायच्या, नागशेट बोलण्यावरून. त्या दिवशी ठकू पोरीजवळ बसली. तिने लेकीचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. मंजुळीने डोळे मिटले, कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, हनुवटीशी बोटं थांबली. मग ती आईच्या कुशीत शिरली.

ते पुस्तक पुढे कुठल्याशा गलबतातून परत गेलं म्हणतात. कुठे गेलं, कुणी सांगत नाही आणि विचारायला कुणी जातही नाही.

पिठोरीच्या अमावास्येला सगळीकडे आई वाण डोक्यावरून मागे धरते आणि 'अतीत कोण?', म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण, असं विचारते. मागे बसलेलं मूल 'मी' म्हणून ते घेतं. करंजखोलातही हे होतं. पण तिथे मूल वाण घेऊन लगेच उठत नाही. ते डोळे मिटून पुढे येतं, आईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवतं, आणि ठकूचं नाव घेऊन म्हणतं, "हीच."

त्यानंतरच आई डोळे उघडायला सांगते.