नाव आधी, बांगडी मग

फार वर्षांपूर्वी, राज्य नुकतंच आपलं झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत सावळदरा नावाचं गाव होतं. त्या गावात एक दिवस दवंडी पिटली, की आता सगळ्यांना मत मिळणार. पाटलाला एक, त्याच्या गड्यालाही एक. बाप्याला एक आणि बाईलाही एकच. ऐकून गाव आ वासून बसलं.

मतदारांची यादी करायला तलाठी भाऊसाहेब दारोदार फिरले. "बाई, नाव काय?" त्यांनी विचारावं, आणि दाराआडून उत्तर यावं, "मी पांडूची आई." पुढच्या घरी, "मी थोरल्या वाड्याची धाकटी सून." नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे सगळ्यांना ठाऊक. आणि स्वतःचं नाव? ते लग्नात तांदळाच्या ताटात बदललं, आणि नवं कुणी हाकारलंच नाही. भाऊसाहेबांनी ऐकलं तसं लिहून घेतलं.

मग वरून हुकूम आला. जिला नाव नाही, तिला मत नाही. लाल शाईची रेघ ओढा. नागपंचमीनंतर भाऊसाहेब एकदाच फिरून येतील, तोवर ज्या नाव सांगतील त्या राहतील.

रेघा ओढून झाल्या आणि बघतात तर काय! अख्ख्या सावळदऱ्यात औषधालासुद्धा बाई उरली नव्हती. चुली पेटत होत्या, जाती फिरत होती, पोरं जन्माला येत होती, आणि कागदावर म्हणाल तर गावात नुसते बाप्ये! अहो, हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण गावच्या पुरुषांना त्याचं काही नव्हतं. "बरं झालं, मतदानाच्या दिवशी भाकरी वेळेवर मिळेल," असं पाटील म्हणाले.

धक्का बसला तो एकटीला. गावात एक कासारीण होती. विधवा, स्वतःचे हात मोकळे, आणि गावभरच्या बायकांचे हात तिच्या हातात. ती कुठून आली कुणाला माहीत नव्हतं. सगळे तिला कासारीणच म्हणायचे.

नागपंचमी तोंडावर आली. सणाला हात रिकामा ठेवून कसं चालेल? बायका पाटलाच्या ओसरीवर जमल्या. कासारणीने पहिला हात धरला, हिरवी बांगडी उचलली आणि विचारलं, "नाव?"

"अगं, इतकी वर्षं भरतीयेस की! मी पांडूची आई."

"पांडूच्या आईला बांगडी बसत न्हाई. नाव सांगा, मग भरते."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पाटलीणबाई तर किंचाळल्याच, "हिला वेड लागलं!" कासारीण हलली नाही. हात सोडेना, बांगडी भरेना.

पांडूची आई डोळे मिटून आठवू लागली. आठवेना. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला नाव व्हतं गं," ती म्हणाली, "व्हतं की! कुठं गेलं?" ओसरीवरच्या प्रत्येकीने मनातल्या मनात आपलं नाव चाचपून पाहिलं. उन्हं कलली तेव्हा त्या म्हातारीला माहेरचा आड आठवला, आडावरून हाक मारणारी आई आठवली, आणि ती ओरडली, "गोजरा! मी गोजरा!" आणि लहान पोरीसारखी रडली. त्या दिवशी भरलेली बांगडी पुढे कांडताना, दळताना, शेण थापताना कधी पिचली नाही, असं म्हणतात.

मग एकेकीला आपलं नाव आठवलं, हात भरले, आणि कासारीण वेशीबाहेरच्या वस्तीत गेली. आजवर तिथे बांगड्या दुरून दगडावर ठेवायच्या आणि तिथल्या बायकांनी आपल्या आपण चढवायच्या, अशी रीत होती. ही सरळ अंगणात बसली आणि हात धरून म्हणाली, "नाव?" गावात बोंब झाली. वस्तीतली ठकूबाई मात्र हसली. "नाव हाय की आई. पण इचारलं कुणी?"

ते ऐकून कासारीण क्षणभर थबकली, असं म्हणतात.

नागपंचमी झाली, भाऊसाहेब आले. स्वतःचं नाव बायकांनी धडाधड सांगितलं, पण यादीला नवऱ्याचंही हवं होतं. पुन्हा सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या. कासारीण म्हणाली, "हळदीकुंकवाला उखाण्यात घेताच ना? मग तसंच घ्या." आणि गोजराबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली:

"परसात लावला दोडका, वेल गेला घरावर,
सखारामरावांची मी गोजरा, लिहा नाव कागदावर!"

भाऊसाहेब लाजून लाल झाले, पण त्यांनी लिहिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सावळदऱ्यात नुसते उखाणे चालले होते.

मतदानाच्या दिवशी बायका शाळेकडे निघाल्या, तेव्हा बांगड्यांचा आवाज डोंगरापलीकडच्या गावात ऐकू गेला, असं म्हणतात. एकेक आत गेली, मत देऊन बाहेर आली. शेवटी कासारीण उरली.

"नाव?" मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं. तिने नुसतं यादीकडे बोट केलं. त्यांनी यादी चाळली. एका जागी नुसतं 'कासारीण' लिहिलेलं होतं, आणि त्यावरून लाल रेघ गेलेली होती.

दारातून बघणाऱ्या गोजराबाईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! हिनं सगळ्यांना नाव इचारलं, आणि हिला आपण इचारलंच न्हाई!" ती कासारणीजवळ गेली आणि तिने तिचा मोकळा हात धरला. "तुझं नाव काय गं?"

कासारणीने मान खाली घातली. मग म्हणाली, "नकुसा. चौथी पोर मी. आईबापाला नको हुते. असलं नाव कुणाला सांगू? तुमची तोंडं उघडली, पण माझं उघडंना."

बायका हबकून उभ्या राहिल्या. साहेबही चांगले होते, पण यादीत आज भर घालता येत नाही, म्हणाले. नकुसा मत न देताच टोपली उचलून घरी गेली.

पुढची यादी करायला भाऊसाहेब आले, तेव्हा कुठल्याही दारात गेले तरी बायका आधी एकच नाव सांगायच्या. "नकुसा लिहा. मग आमचं." गावच्या यादीत पहिलं नाव तिचं पडलं. पण दुसरं मतदान यायच्या आधीच्या पावसाळ्यात ती तापाने गेली.

मतदानाला नवे साहेब आले. त्यांनी हाक मारली, "नकुसा!" कुणीतरी सांगितलं, ती वारली. साहेबांनी नाव कापायला लेखणी उचलली, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या एकदम किणकिणल्या. हात कुणाचाही हलला नव्हता. साहेबांची लेखणी गळून पडली, असं म्हणतात.

आता सावळदऱ्याला पक्की सडक आहे. पण अजूनही तिथे कुणी बाई काही विकायला आली, तर भाव विचारायच्या आधी तिचं नाव विचारतात. मतदानाच्या दिवशी विधवासुद्धा एक हिरवी बांगडी घालते. शाळेच्या फाटकाबाहेर सगळ्यांत म्हातारी बाई हाक मारते, "नकुसा आली का?" आणि जमलेल्या सगळ्याजणी हात हलवून बांगड्या वाजवतात. मगच रांग पुढे सरकते.

आणि तुम्हांला खोटं वाटेल, पण गेल्या वर्षी त्या गावात दोन जावा बारशात कडाकडा भांडल्या. दोघींनाही आपल्या लेकीचं नाव नकुसाच ठेवायचं होतं.