बाटली आणि गंजका कोयता

माझे सगळे दात शाबूत होते तेव्हाची ही गोष्ट. साग-ऐनाच्या रानात मुक्कामाला निघालेल्या एका शहरी पाहुण्याच्या पाठीवर पाण्याची चकचकीत बाटली होती. वाटाड्या बारकूच्या कमरेला जुना कोयता होता.

"काय रे गंजक्या," बाटली वाटभर टोमणे मारत राहिली, "तुला कोणी घरात तरी घेतं का? मला बघ. माझ्या पोटात पाणी कसं थंडगार राहतं!"



चैत्राचं ऊन होतं. पाहुण्याने निम्मं पाणी तर हातपाय धुण्यातच घालवलं, उरलेलं वाटेत पिऊन संपवलं. दुपारी ओढ्यावर पोचले, तर ओढा कोरडा ठणठणीत. पाहुणा मटकन खाली बसला. जीभ टाळूला चिकटलेली, डोळे फिरायला लागलेले.

"आता काय थंड ठेवतेस, बाई?" कोयता म्हणाला.

बारकूने फुगीर बुंध्याचं एक ऐनाचं झाड हेरलं, त्याला हात जोडले आणि फुगवट्यावर कोयता चालवला. सालीतून पाण्याची धार लागली. पाहुणा ओंजळीने प्याला, तेव्हा कुठे त्याचा जीव ठिकाणावर आला. मग बारकूने बाटली धारेखाली धरली.

"ऐनाचं पाणी कसं लागतंय?" कोयत्याने विचारलं.

 बाटलीचं तोंड उघडंच होतं, पण पाण्याने भरलेलं होतं.