कासाराची तालीम

एकदा एक कासार तालीम निवडायला निघाला. ही हकिकत अक्षरशः खरी आहे, हे मी आधीच शपथेवर सांगून ठेवतो. कारण माझ्या गोष्टींविषयी परिचितांत काही गैरसमज पसरलेले आहेत. हा कासार मी स्वतः पाहिला आहे. म्हणजे तो होता त्या काळी माझ्या आजोबांचंही लग्न व्हायचं होतं; पण काही माणसं पाहण्यासाठी जन्माला यावंच लागतं असं नाही.

त्याच्या गावात आठवडी बाजार भरे आणि त्या बाजाराचा एक जुना रिवाज होता. बसण्याच्या जागेवरून तंटा झाला, तर तो दसऱ्याच्या कुस्त्यांच्या फडात, तांबड्या मातीत सुटायचा. ज्याची पाठ मातीला लागली त्यानं जागा सोडायची. हा रिवाज अत्यंत न्याय्य आहे, असं गावातली धिप्पाड माणसं नेहमी सांगत.

कासाराची जागा चिंचेखाली होती, बापापासूनची. सासुरवाशिणी तिथं बांगड्या भरायला येत, कारण तिथं सावली होती आणि कासाराचा हात हलका होता. ती जागा बाजाराच्या ठेकेदाराला आपल्या मेहुण्यासाठी हवी झाली. ठेकेदार चांगला दोन खिडक्यांएवढा रुंद. त्यानं भर बाजारात हसत सांगितलं, "कासारमामा, दसऱ्याला या मातीत. नाहीतर आत्ताच टोपली उचला, तुमच्या काचा तरी वाचतील."

कासार पन्नाशीला आलेला, अंगानं वेताच्या काठीसारखा. फिरती टोपली डोक्यावर घेऊन दारोदार हिंडण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं आणि घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. त्यानं बायकोच्या पाटल्या मोडल्या. गावभरच्या बायकांच्या हातांत बांगड्या भरणाऱ्यानं घरचे हात मोकळे केले, आणि जे काही आलं त्यात दसऱ्यापर्यंत एका, फक्त एकाच तालमीत जाता येईल, असा हिशोब निघाला.

आता निवड कशी करावी? माणूस आपल्या धंद्याच्या डोक्यानंच विचार करतो. कासार हात दाबून बांगडीचं माप सांगतो. यानं गावातल्या तिन्ही तालमींत जाऊन पैलवानांचे हात दाबून पाहिले. पैलवान आधी बुजले, मग चिडवू लागले, "मामा, हिरव्या भरा, हिरव्या." कासार मात्र गंभीरपणे पंजे चेपत राहिला. पेठेतल्या तालमीतले हात सर्वांत कठीण निघाले, उखळासारखे. तिथंच पैसे भरायचे असं त्यानं मनाशी ठरवलं आणि जाता जाता आशीर्वाद घ्यायला नदीकाठच्या मठीत गेला. तिथं एक वृद्ध राहत असे. कासार स्वतःला त्याचा शिष्य म्हणवी. वृद्धानं ते कधी मान्य केलं नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं.

सगळं ऐकून वृद्ध काठी घेऊन उठला. म्हणाला, चल, मलाही बघू दे.

पेठेतल्या तालमीच्या दाराशी चार म्हशी बांधलेल्या, आत आरसे, भिंतीवर ओळीनं टांगलेले जिंकलेले फेटे. वृद्धानं माती कपाळाला लावली, हौद्यात उतरला आणि सर्वांसमक्ष धाडकन उताणा पडला. पडला तो पडूनच राहिला. पैलवान पोट धरधरून हसले. वस्तादानं हुकूम सोडला की मातीत आजच ताक-तेल घातलं आहे, म्हातारा बाहेर काढा.

कासाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वृद्ध अंग झटकून दुसऱ्या तालमीकडे निघाला आणि तिथंही तसाच आडवा झाला. तिथले वस्ताद विद्वान होते. त्यांनी शिष्यांना गोळा केलं आणि पडलेल्या देहाभोवती फिरत समजावलं, की टाच कशी उचलली गेली, कंबर कुठं ढिली पडली, तोल कोणत्या क्षणी गेला. विवेचन खरोखर उत्तम होतं. कासारही मान डोलावत होता. म्हाताऱ्याच्या तोंडात माती गेली होती, ती तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही.

तिसरी तालीम म्हणजे पत्र्याचं छप्पर होतं. वस्ताद एका पायानं लंगडा. भिंतीवर एकही फेटा नाही, नुसता मारुतीचा शेंदूर. शिकणारे सगळे बाजारातलेच: दोन हमाल, एक न्हावी, एक भाजीवाला. वृद्ध पडला मात्र, भाजीवाल्यानं लंगोटावरच उडी घेतली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटानं तोंडातली माती काढली. न्हाव्यानं पाणी आणलं. एक हमाल करवादला, "म्हातारबा, मरायला दुसरी जागा नाही सापडली?" आणि असं म्हणत त्याचे पाय चोळू लागला.

बाहेर आल्यावर वृद्ध म्हणाला, "इथं पैसे भर."

"बाबा, इथल्यांनी आजवर एक कुस्ती मारलेली नाही. इथं शिकून मी त्याला पाडीन?"

"नाही."

कासार रस्त्यातच बसला. वृद्धही काठी टेकून त्याच्याजवळ टेकला आणि त्यानं जे सांगितलं ते असं:

"तुझं वय झालं. दसरा तोंडावर आला. बायकोच्या पाटल्यांत कुठलीही तालीम तुला ठेकेदाराला पाडायला शिकवू शकत नाही, आणि जो शिकवीन म्हणेल तो त्या पाटल्या खाईल. कठीण हात पाडणाऱ्याला लागतात. तू पडणारा आहेस. हे एकदा धरलं, की निवडायचं एवढंच उरतं की पडल्यावर तू कुणाच्यात असशील. जागा जाईल. माणसं उरली, तर टोपली कुणाच्याही शेजारी मांडता येते."

"पडायचंच आहे, तर मातीत उतरू कशाला?"

"ते मला नको विचारूस. ते तू पाटल्या मोडल्यास त्याच दिवशी ठरवलंस."

कासारानं पैसे लंगड्या वस्तादाच्या हातात ठेवले. दसऱ्यापर्यंत रोज माती खणली, बैठका मारल्या, सगळ्यांकडून पडला. संध्याकाळी चौघे त्याची पाठ चोळून देत. त्याला फारसं काही आलं नाही. पण तेवढ्या दिवसांत त्याच्या बायकोनं त्याला दोनदा हसताना पाहिलं.

दसऱ्याला हलगी कडाडली. कासारानं माती कपाळाला लावली. ठेकेदारानं त्याला उचललं, लोकांना नीट दिसावं म्हणून क्षणभर वरच धरलं, आणि आपटलं. पाठ लागली. उजवा हात अंगाखाली सापडून मनगटातून गेला, बांगड्या भरायचा तोच हात. ठेकेदाराला फेटा बांधला, नारळ दिला, आणि गर्दी हलगीमागून निघून गेली.

तेव्हा ते चौघे मातीत उतरले. भाजीवाल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, न्हाव्यानं पाणी पाजलं, हमालांनी त्याला खांद्यांवर घेऊन घरी नेलं. आणि पुढच्या बाजारी भाजीवाल्यानं आपल्या कोथिंबिरीच्या जुड्या सरकवून त्याच्या टोपलीला जागा करून दिली.

गोष्ट इथं संपवायची असा माझा बेत होता. पण आरंभी शपथ घेतली आहे, तेव्हा सांगतो: यातला एक भाग मी रचलेला आहे. सर्वांना वाटेल, म्हातारा तालमीतालमीत पडत सुटला, हीच थाप. ते तर खरं आहे. थाप आहे ती त्या चौघांच्या येण्याची.

ते फडाच्या कडेला उभे होते. कासारानं पडल्या जागेवरून मान वळवून त्यांना पाहिलंही. भाजीवाल्यानं एक पाय पुढे टाकला होता. पण ठेकेदार फेटा बांधून घेता घेता कोण कोण उभं आहे ते न्याहाळत होता, आणि त्या चौघांचं पोटही बाजारातल्या जागेवरच होतं. भाजीवाल्यानं पाय मागे घेतला. मग चौघेही गर्दीबरोबर गेले, हलगीच्या मागून.

मैदान रिकामं झाल्यावर वृद्ध आला. कासाराला उचलण्याएवढी ताकद त्याच्यात नव्हती, म्हणून तो शेजारी मातीत बसला. मग म्हणाला,

"माझी परीक्षा चुकली रे. मी पडलो तेव्हा त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं."

हे वाक्य मी रचलेलं नाही.